कासलबारची एक ओळ

रविवार, २१ सप्टेंबर

सकाळी जोगळेकर सरांचा फोन. मेनूथच्या विद्यापीठात शिकवतात, त्यामुळे फोनवरही वर्ग घेतल्यासारखे बोलतात. "मंदारराव, अघटित घडलंय. मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी दोन अर्ज आलेत."

खरंच अघटित. आजवर अध्यक्ष कसा ठरायचा, तर दिवाळीच्या आधी कुणाच्या तरी किचनमध्ये पाच-सहा जण जमायचे, चिवड्याचा बाऊल फिरायचा आणि कुणीतरी कुणाला तरी म्हणायचं, "या वर्षी तू घे रे." तो आधी नाही-नाही म्हणायचा, मग हो. सभेत टाळ्या. बिनविरोध! या शब्दाचा आपल्या लोकांना केवढा अभिमान. भांडलो नाही हेच आमचं वर्षभराचं काम.

अर्ज माधवीताईंचा आणि अभ्याचा. अभ्या म्हणजे आपलाच अभ्या, कागदावर श्री. अभिजित. मेनूथला दोघं एका खोलीत राहिलो, एका कुकरमध्ये भात लावला, नोकऱ्याही मागेपुढे लागल्या. आता त्याचं घर डब्लिनच्या कडेला, सिटीवेस्टला. बायको, ऋचा, आयर्लंडच्या पार पश्चिमेला कासलबारच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, म्हणून आम्ही इथे. मी मंगळवारी सिटीवेस्टच्या ऑफिसात जातो, मुक्काम अभ्याकडे, बुधवारी परत. मागच्या मंगळवारी तासभर क्रिकेटवर बोललो, अर्जाबद्दल अवाक्षर नाही. सरप्राइज द्यायचं असेल.

सर निवडणूक अधिकारी आहेत. त्यांना माझ्याकडून तक्ता हवाय. दोन उमेदवार शेजारी शेजारी, पार्श्वभूमी, काम, भूमिका. सगळ्या सभासदांना पाठवायचा. म्हटलं, सर, अभ्या माझा मित्र आहे. "ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर तुम्ही जपून लिहाल."

ऑफिसात वर्षभर दुसरं काय करतो? दोन कंपन्यांची सॉफ्टवेअरं घ्यायची, याचं हे बरं, त्याचं ते बरं. माणसांचं कधी केलं नव्हतं. हो म्हणून बसलो.


मंगळ. २३ सप्टें., सिटीवेस्ट

अभ्या म्हणाला, "सांगणारच होतो रे." बरं.

मग सोफ्यावर पाय घेऊन रीतसर मुलाखत. मी प्रश्न वाचतोय, तो मंत्र्यासारखी उत्तरं देतोय, मधेच दोघं हसतोय. जुने दिवस आठवले. भूमिका क्र. १ त्याने स्वतःहून सांगितली, मी विचारायच्या आधी: "अध्यक्ष झालो तर पहिली सही कासलबारच्या गणपतीसाठी. लिही. ठळक अक्षरात लिही."

खाली दोन रेघा मारून लिहिलं, खोटं कशाला बोलू.

यंदाचा गणपती आठवला की हसूही येतं आणि कानही गरम होतात. हॉस्पिटलातली आपली सगळी मंडळी सुनंदाताईच्या अपार्टमेंटमध्ये. भांड्यांच्या कपाटावर मूर्ती, खाली आरती, कापूर जरा सढळ हाताने. वर स्मोक अलार्म. सगळी बिल्डिंग नाइटड्रेसमध्ये खाली, फायर ब्रिगेड हजर. त्यातला एक आत येऊन गणपतीकडे बघत म्हणाला, "यू आर ग्रँड, लॅड्स," म्हणजे चालू द्या, आणि मोदक खाऊन गेला. बिल्डिंगच्या मॅनेजरला मात्र मोदक पचला नाही. पुन्हा इथे असलं काही नाही, म्हणाला.

चर्चचा हॉल मिळतो. हॉलची बाई चांगली आहे, पण तिचं एकच पालुपद: नोंदणीकृत संस्थेचा इन्शुरन्स दाखवा, चावी घेऊन जा. तो इन्शुरन्स मंडळाकडे आहे. त्यात कासलबारचं नाव घालायचं तर अध्यक्षाची सही लागते. गेली काही वर्षं प्रत्येक अध्यक्ष गोड हसून "बघू या" म्हणतो.

डब्लिनला या, म्हणतात. तीन तास जायला, तीन यायला, आणि गणपती शनिवारीच, जेव्हा अर्धे लोक ड्युटीवर. सुनंदाताई इतकी वर्षं इथे नर्स आहे. मंडळाचा गणपती तिने एकदाच पाहिला, तोही टबातल्या पाण्यात बुडताना.


शनि. २७ सप्टें.

माधवीताईंशी फोनवर. मूळच्या नाशिकच्या, एका कंपनीत हिशेब बघतात. तूरडाळीसाठी लंडनला सांगावं लागायचं तेव्हापासून इथे आहेत, आणि ते ऐकवतात. मंडळाचं स्वयंपाकघर वर्षानुवर्षं यांच्याच जिवावर. फोनवरही हातात भाताचा डाव धरल्यासारख्या बोलतात.

कासलबारचं विचारलं.

"नाही."

म्हटलं, ताई, म्हणजे तूर्त नाही, असं लिहू का?

"तूर्त वगैरे काही नाही. मी जिथे उभी नसेन तिथल्या कापराची जबाबदारी मी घेणार नाही. तुमच्याकडे फायर ब्रिगेड आली होती ना? नाही म्हणजे नाही. आणि मंदार, ते गुळगुळीत करून लिहू नकोस. लोकांना कळू दे मी कशाला नाही म्हणते."

फोन ठेवल्यावर ऋ.ला म्हटलं, काय बाई आहे. ऋ. म्हणाली, "निदान कुठे उभी आहे ते तरी कळतं." ऋ.ला अभ्या पहिल्यापासून थोडा कमीच आवडतो. तो आमच्या लग्नात मुख्य पाहुण्यासारखा वागला, हा तिचा जुना राग.


गुरु. २ ऑक्टो.

तक्ता निम्मा झाला. मधे नोंदी, डावीकडे माधवीताई, उजवीकडे अभ्या. मग वाटलं उजवीकडचा माणूस लोक शेवटी वाचतात आणि तोच लक्षात राहतो. आडनावांनुसार अकारविल्हे लावलं. तरी अभ्या उजवीकडेच आला. देवाची इच्छा.

लेकीच्या, इराच्या शाळेतही हेच चाललंय. देशाच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आहे, खांबाखांबावर हसरे चेहरे. टीचरने वर्गाला उमेदवारांची तुलना करायला लावली: कुठून आले, काय केलं, काय करणार. इराने माझ्या खांद्यावरून स्क्रीन पाहिला. मराठी वाचायला वेळ लागतो तिला, पण वाचते. बोट ठेवून म्हणाली, "बाबा, यू रोट 'उत्साही' फॉर अभिकाका. दॅट्स अ‍ॅन ओपिनियन. यू कान्ट पुट दॅट."

काढलं.


मंगळ. ७ ऑक्टो., सिटीवेस्ट

अभ्याने मसुदा वाचला. दोन दुरुस्त्या.

एक: "मूळ गाव बार्शी" च्या जागी "पुणे". म्हटलं, अरे, दोन वर्षं हॉस्टेलला होतास पुण्यात. "मंद्या, इथे निम्मे पुणेकर आहेत. बार्शी म्हटलं की लोक ज्वारी आठवतात." मी "शिक्षण पुणे" लिहिलं, मूळ गावाची ओळ दोघांचीही काढून टाकली. बिचारं नाशिक विनाकारण गेलं.

दोन: मेनूथमधली पहिली दिवाळी आपण दोघांनी केली होती. त्याने लिहिलंय "मेनूथ येथे मराठी दिवाळीची सुरुवात केली". म्हणजे एकट्याने. तसंच ठेवलं. उमेदवार तो आहे, मी नाही.

कासलबारची ओळ त्याने दोनदा वाचली. "हे भारी लिहिलंयस," म्हणाला.


रवि. १२ ऑक्टो.

तक्ता गेला सगळ्यांना. ग्रुपवर अंगठेच अंगठे. एकाने लिहिलं, "तटस्थ आणि माहितीपूर्ण." एकीने लिहिलं, "पण निवडणूक कशाला? आपण एक कुटुंब आहोत." तिलाही अंगठे, जास्तच.

नीट पाहिलं तर दोघांत फार फरक नाही. मराठी शाळेला दोघांचा हो. दिवाळी पहाटेला दोघांचा हो. तिकीट न वाढवण्याला दोघांचा हो. विद्यार्थ्यांना सवलत, हो, हो. सगळी पानं सारखी आणि मधे एकच ओळ जिथे डावीकडे "नाही" आणि उजवीकडे "हो, पहिल्याच वर्षी". आमचीच ओळ. बरं वाटलं पाहून. कुणाच्या तरी कागदावर कासलबार आलं.

संध्याकाळी सुनंदाताईकडे सगळ्यांना बोलावलं. बहुतेक जण मंडळाचे सभासदही नाहीत. म्हणतात, जायला मिळत नाही तर व्हायचं कशाला? मी उभा राहून भाषणच दिलं. सभासद व्हा, १ नोव्हेंबरला सभेला चला, गाड्या करू, मत द्या. अभ्या जिंकला की पुढच्या भाद्रपदात हॉलची चावी आपल्या हातात.

कुणीतरी मागून म्हणालं, "शब्द देतोय का तो?" मी म्हटलं, माझा शब्द धरा. तो आणि मी एकच.

सुनंदाताईने चष्म्यावरून पाहिलं. "शनिवारची ड्युटी बदलणं म्हणजे खेळ नाही, मंदार." मग म्हणाली, बदलते.


मंगळ. २१ ऑक्टो., सिटीवेस्ट

दिवाळी म्हणून काल रात्रीच आलो. अभ्याकडे पहाटे फराळ, मग ऑफिस, संध्याकाळी पुन्हा फराळ. करंजी वहिनीची, चकली दुकानातली, पण कुणी विचारलं तर तीही वहिनीची.

संध्याकाळी तो मुलीला पोहायला सोडतो म्हणून गेला. म्हटलं मीही येतो. "नको, तू थकलायस, बस." परतायला वेळ लागला. ट्रॅफिक, म्हणाला. मुलीचे केस कोरडे होते. शॉवर घेऊन सुकवले असतील.

प्रचाराचं विचारलं. "तू टेन्शन घेऊ नको. सगळं मस्त होणार." कासलबारच्या गाड्यांचं सांगितलं. सगळे येतायत म्हटल्यावर तो जरा थबकला. "सगळे? एवढ्या लांब कशाला त्रास?" मला वाटलं काळजी करतोय.


शुक्र. २४ ऑक्टो.

देशाचं मतदान. नागरिकत्व मिळाल्यावर माझं हे पहिलंच मत. शाळेच्या हॉलमध्ये, पेन्सिलीने. इथे पसंतीक्रम द्यायचा: पहिला, दुसरा, तिसरा. खटकणाऱ्या माणसालाही आकडा देता येतो. इरा बाहेर थांबली होती. "हू डिड यू पिक?" सांगायचं नसतं म्हटलं. "देन व्हॉट वॉज द चार्ट फॉर?"

हॉलच्या बाईकडे जाऊन आलो. सप्टेंबरचे दिवस राखून ठेव, इन्शुरन्सचा पेपर येतो. ती म्हणाली, "आय'ल पेन्सिल ये इन, लव्ह." म्हणजे तूर्त पेन्सिलीने नोंदवते.


शनि. १ नोव्हें.

काय लिहू.

क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

तीन गाड्या. सकाळी अंधारात निघालो. ऋ.ने सँडविचेस केली होती. सुनंदाताई आमच्या गाडीत, नऊवारी नेसून, वरून हॉस्पिटलचं जाड जॅकेट. वाटेत अ‍ॅथलोनला चहा. लोक मजेत होते. कुणीतरी म्हणालं, मंगलमूर्ती मोरया, पेट्रोल पंपावर, आणि एका आयरिश म्हाताऱ्याने टोपी काढली.

सभा अकराला. हॉल भरलेला, मागे फराळाची टेबलं, मतपत्रिकांचा डबा पुढच्या टेबलावर, जोगळेकर सर त्याच्या शेजारी. मी पुढे गेलो, अभ्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो वळला, "अरे मंद्या!" म्हणाला आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

सर उठले. "एक आनंदाची बातमी आहे. आपल्या दोन्ही उमेदवारांनी मोठ्या मनाने एकत्र बसून मार्ग काढला आहे. श्री. अभिजित आपला अर्ज मागे घेत आहेत. ते उपाध्यक्ष म्हणून काम पाहतील आणि पुढच्या खेपेस त्यांचा विचार व्हावा अशी सर्वांची भावना आहे. मंडळाची बिनविरोध परंपरा अबाधित राहिली."

टाळ्या. केवढ्या टाळ्या. सगळ्या हॉलला हायसं वाटलं, जणू कुणाचं तरी ऑपरेशन टळलं. शेजारची बाई डोळे पुसत होती.

आमच्या दोन रांगा तेवढ्या टाळ्या न वाजवता बसल्या होत्या. मग आमच्यातल्याही दोघातिघांनी वाजवल्या, न समजून.

अभ्या माइकवर. छान बोलतो तो. कुटुंब, एकोपा, माधवीताईंचं मार्गदर्शन. कासलबारचा क काढला नाही. मी हात वर केला. सर म्हणाले, "मंदारराव, प्रश्न फराळानंतर."

सरांनी वर माझे आभारही मानले! "मंदाररावांच्या तक्त्यामुळे उमेदवारांनाच कळलं की त्यांच्यात तसा काही मतभेद नाही. एक ओळ सोडली तर. ती बाजूला ठेवली आणि विषय संपला." माझ्या नावाने पुन्हा टाळ्या. मी उभा राहून नमस्कार केला. खरंच केला, हात आपोआप जोडले गेले.

फराळाच्या टेबलाशी अभ्याला गाठलं. म्हटलं, काय आहे हे? "मंद्या, राजकारण आहे रे. पुढच्या वर्षी मीच असणार. तेव्हा करू की कासलबार." कधी ठरलं? "असंच, या आठवड्यात." मी म्हटलं, मंगळवारी? २१ तारखेला? पोहण्याच्या वेळी? तो चकली मोडत राहिला.

म्हणजे मी त्याच्या सोफ्यावर बसून त्याच्या बायकोच्या करंज्या खात होतो, तेव्हा तो कुठेतरी बसून आम्हाला सोडून देत होता. आणि मी गाड्यांची यादी सांगत बसलो.

परतीचा रस्ता. बाहेर पाऊस, वायपरचा आवाज. इरा झोपली. लाँगफर्डच्या पुढे सुनंदाताई बोलली. चिडली की तिचं वर्धा बाहेर येतं. "मी त्या अभिजितले ओळखत नाही, मंदार. मी तुले ओळखते. ड्युटी मी तुह्या शब्दावर बदलवली."




रवि. २ नोव्हें.

राग जात नाही. भांडी घासली, गॅरेज आवरलं, गाडी धुतली पावसात. शेजारचा खिडकीतून बघत होता, मग बाहेर येऊन विचारलं, "आर यू ऑल राइट?" ग्रँड, म्हटलं. या देशात तोंडात पहिला हाच शब्द येतो.

मला अध्यक्षपद, उपाध्यक्षपद, कुणी कुठे बसलं, याचं घेणंदेणं नाही. तो हरला असता तर मी त्याला घरी आणून बटाटेवडे खायला घातले असते. त्याने मला विचारलं असतं, मंद्या, मागे घेऊ का, तर कदाचित मीच म्हटलं असतं, घे. विचारलं नाही. मला त्याने तोंडघशी पाडलं, तेही माझ्याच लोकांसमोर, माझ्याच हाताने लिहिलेल्या कागदावरून.

ऋ. "मी सांगितलं होतं" म्हणाली नाही. त्याबद्दल तिचे आभार. तिला ते म्हणायचं होतं हे दिसत होतं.


मंगळ. ४ नोव्हें.

ऑफिसला गेलो नाही. बरं नाही असं कळवलं. अभ्याचा मेसेज: "आज येतोयस ना? वहिनी विचारतेय." वहिनी म्हणजे त्याचीच बायको, माझी वहिनी. स्वतःच्या बायकोच्या आडून विचारतोय.

उत्तर दिलं नाही.


गुरु. ६ नोव्हें.

माधवीताईंचा फोन. मी आधी घेतला नाही, दुसऱ्यांदा घेतला. आता हिचं काय ऐकायचं, अशा आवाजातच हॅलो म्हटलं.

"तुमची माणसं सभेतून न जेवता गेली. मला ते आवडलं नाही. डबे भरून ठेवले होते मी तुमच्यासाठी, वाटेत खायला. कुणी मागितलेच नाहीत."

म्हटलं, ताई, जेवायला आलो नव्हतो आम्ही.

त्या म्हणाल्या, "मी तुला एक सांगते. नंतर कळलं तर मला बोल लावशील. त्या दिवशी सरांकडे आम्ही बसलो तेव्हा मला वाटलं होतं, हा कासलबार मागणार. त्याचा तोच एक मुद्दा होता. मी घरून ठरवून गेले होते. नवऱ्याशी बोलले होते. म्हटलं, त्याने धरून ठेवलं तर देऊन टाकू. एक माणूस मंडळातर्फे तिथे उभा राहील अशी अट घालू आणि सही करू. निवडणूक टळते आहे ना."

मी विचारलं, मग?

"त्याने मागितलंच नाही. बसल्या बसल्या म्हणाला, ताई, ती ओळ मी काढतो, तुमचं-माझं एकमत झालं. उपाध्यक्षपद आणि दिवाळीचं निवेदन मला द्या. मी म्हटलं, आणि ते कासलबारचे लोक? तर म्हणाला, त्यांचं मंदार बघेल."

मंदार बघेल.

ती ओळ मिळत होती. हात पुढे केला असता तर मिळत होती. त्याला विकायचीही गरज नव्हती, फुकट देऊन आला. मला वाटत होतं, बिचारा दबला असेल, सरांनी घोळात घेतलं असेल, पाच दिवस मी त्याच्यासाठी मनातल्या मनात सबबी शोधत होतो, आणि...

माधवीताईंना म्हटलं, मग आता करा सही. तुमचा नकार काही राहिला नाही.

"आता कशी करू? तेव्हा देवाणघेवाण होती. आता मी नाही म्हणून निवडून आले आहे. ज्यांनी वाचून होकार दिला त्यांना काय सांगू?" मग जरा मऊ आवाजात: "तुम्ही मागा. सभासद झालात ना सगळे? कार्यकारिणीपुढे या आणि मागा. पण विषय उपाध्यक्षाने मांडावा लागतो. बाहेरगावचे कार्यक्रम त्याच्याकडे आहेत."

म्हणजे पुन्हा अभ्याकडे.

बाई खोटं बोलत नाही. पहिल्या दिवशीही "नाही" म्हणाली होती, आजही लपवलं नाही. तिच्यावर रागवायला मला काही सापडत नाही आणि त्याचाही राग येतो.


शनि. ८ नोव्हें.

सुनंदाताईकडे जाऊन सगळं सांगितलं. कार्यकारिणी, उपाध्यक्ष, सगळं. ती ड्युटीवरून आली होती, पाय बादलीत गरम पाण्यात. शांतपणे ऐकलं.

"म्हणजे तुले त्याच्याकडे जावं लागेल."

म्हटलं, मी नाही जाणार. मी त्याचं तोंड बघणार नाही.

"मग आमाले कशाले नेलं होतं डब्लिनले?"

सरळ प्रश्न. घरी येईपर्यंत पुरला.

मी अपमान धरून बसलो तर गणपती जातो. अभ्याला फोन केला तर गणपती कदाचित होतो, पण मग तो म्हणणार, बघ, केलं ना मी तुझं काम. आणि पुढे जन्मभर सांगणार, कासलबारचा गणपती मी सुरू केला. मी, एकट्याने. हे मला सहन होणार नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी मी लोकांना अडवून धरू का? ही एवढीशी गोष्ट नाही. लिहिताना तरी खरं लिहावं, ही एवढीशी नाही.

हॉलची बाई दुकानात भेटली. दुसऱ्या कुणीतरी तेच दिवस मागितलेत, बिंगोवाले. नाताळपर्यंत थांबते म्हणाली.


मंगळ. ११ नोव्हें.

ऑफिसला गेलो, हॉटेलात राहिलो. खिडकीतून ल्युअस ट्रामचा थांबा दिसतो, आणि त्याच्या मागे त्याच्या घराच्या रांगेची छपरं. हॉटेलातला पोरगा विचारत होता, पहिल्यांदाच आलात का इकडे?

बाहेर जेवताना दोघातिघांशी मंडळाचं बोलणं निघालं. सगळ्यांचं एकच, "किती छान सोडवलं ना दोघांनी." मी कासलबार म्हटलं तर एकजण म्हणाला, "हो, ते पण होतं नाही का काहीतरी?" आपल्या लोकांच्या मनात काळंबेरं काही नाही. आठवणीतच नाही.


रवि. १६ नोव्हें.

दुपारी बेल वाजली. ऋ. भात लावत होती, मी वर इस्त्री करत होतो. दार इराने उघडलं आणि तिथूनच ओरडली, "बाबा! अभिकाका'ज हिअर!"

एकटाच आलाय. गाडी चालवत, तीन तास. ही गाडी घेतल्यापासून तो कासलबारला पहिल्यांदा आलाय. इतक्या वर्षांत मीच जायचो.

मी जिन्यावरून पाहिलं. बूट काढून उभा होता. मोज्याला भोक. वर पाहिलं, "मंद्या" एवढंच म्हणाला. नेहमीचं हसू नव्हतं. मी म्हटलं, बस, येतो. आणि वर येऊन दार लावलं.

ही वही काढली. खाली जायच्या आधी मला काय म्हणायचं ते लिहून काढावं असं वाटलं. काहीच लिहून होत नाही.

तो माफी मागायला आलाय की समजावून सांगायला, माहीत नाही. कार्यकारिणीत विषय मांडतो असं सांगायला आला असेल, तर सुनंदाताईसाठी, सगळ्यांसाठी, मला हो म्हणावं लागेल. आणि हो म्हटलं की सगळं मिटलं असं तो धरून चालणार. त्याला तसंच जमतं. दोघं मिळून बसायचं, मार्ग काढायचा, आणि मग टाळ्या. मला मिटवायचं नाही. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय की ती ओळ मिळत होती आणि त्याने मागितली नाही. आधी ते. मग बाकीचं काय असेल ते.

आणि तो ते बोलला तर? मग मला त्याला जेवायला वाढावं लागेल. तेही मला नकोय. तेच नकोय बहुतेक.

खालून आवाज येतायत. इरा त्याला काहीतरी दाखवतेय, तो हसला. तेच हसणं, मेनूथच्या खोलीतलं. ऋ. हसलेली नाही. भाताचा कुकर झाला. ताटं मांडल्याचा आवाज आला. किती मांडली ते इथून कळत नाही.

आता ऋ. जिन्याखाली येऊन थांबलीय, पावलांवरून कळतं. हाक मारत नाहीये, नुसती उभी आहे.